वजिरापुढचं प्यादं आणि धोंड्याचं जेवण

डावाची पहिली खेळी माणसानं आपल्या स्वभावाप्रमाणे निवडावी, असं बुद्धिबळातले जाणकार सांगतात. मी ती भीतीप्रमाणे निवडली.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकलायचो. फोनवरच्या अ‍ॅपवर समोर कोण बसलंय ते कळत नाही, पण जो कोणी असेल तो मला पाच-सात खेळ्यांत लोळवायचा. पट लगेच उघडा पडतो, दोन्हीकडून घोडे-उंट अंगावर येतात आणि काय चाललंय हे समजायच्या आत आपण गारद. मग एका व्हिडिओत ऐकलं की राजाऐवजी वजिरासमोरचं प्यादं पुढे टाकावं. त्याच्या पाठीशी वजीर आधीपासून उभा असतो, त्यामुळे त्याला कुणी सहजी हात लावत नाही. मला ते फार पटलं. वऱ्हाडातून पुण्यात आल्यापासून नोकरीतही मी असाच टिकलोय. मीटिंगमध्ये साहेबांच्या मागे राहून बोलायचं, त्यांच्या पुढे जाऊन नाही. माझ्यानंतर आलेली पोरं माझ्या पुढे निघून गेली, पण मला कुणी काढलं नाही.

वजिरासमोरच्या प्याद्याबरोबर दुसरी खेळी मी शिकलो ती त्याच्या शेजारच्या, उंटासमोरच्या प्याद्याची. तेही दोन घरं पुढे न्यायचं आणि समोरच्याला म्हणायचं, घे. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. ऐकायला मोठा दिलदारपणा वाटतो, पण तसं काही नसतं. नैवेद्य दाखवून ताट आपणच उचलून घेतो, त्यातलाच हा प्रकार. समोरच्यानं प्यादं घेतलं तरी त्याला ते पचत नाही. चार खेळ्यांनी ते परत आपल्याकडे येतं. आणि समोरचा हावरट निघाला, ते प्यादं धरून ठेवायला त्याच बाजूची आणखी प्यादी पुढे सरकवायला लागला, तर कोपऱ्यातल्या त्याच्या हत्तीपर्यंतची तिरकी वाट मोकळी होते. मग आपला वजीर त्या वाटेवर येऊन बसतो आणि समोरच्याचं मोठं मोहरं जातं. पुष्कळदा अख्खा हत्तीच.

माझे सासरे असे हावरट निघाले.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कात्रज डेअरीच्या मागच्या बाजूला राहतात. आम्ही नवरा-बायको विश्रांतवाडीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी सकाळी स्कूटरवरून अख्खं पुणं ओलांडून आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो. जेवण होईपर्यंत सासरे आणि मी काय बोलणार? त्यांना क्रिकेटचा तिटकारा आणि मला धरणांतलं काही कळत नाही. लग्न झाल्यावर पहिले काही महिने आम्ही एकमेकांना पाणी विचारण्यात घालवले. मग एकदा त्यांनी कपाटावरून लाकडी पट काढला आणि म्हणाले, "खेळता का, जावईबापू?"

त्या दिवशी मी जिंकलो. पुढच्या रविवारीही जिंकलो. मी वजिरासमोरचं प्यादं टाकायचो, मग उंटासमोरचं. सासरे चष्मा वर करून बघायचे, "फुकट आहे वाटतं," म्हणायचे आणि प्यादं उचलायचे. मी राजासमोरचं प्यादं एक घर पुढे करून उंटाला वाट करून द्यायचो. ते घेतलेल्या प्याद्याच्या रक्षणासाठी शेजारचं प्यादं पुढे करायचे. मी त्यावर हल्ला करायचो, ते आणखी एक प्यादं मदतीला आणायचे. मग माझा वजीर तिरका निघायचा आणि सासरे कपाळाला हात लावायचे. "अरेच्चा! हत्ती गेला की हो!"

मी त्यांना समजावून सांगायचो. हो, मी समजावून सांगायचो! "बाबा, ते प्यादं धरून बसायचं नसतं. तिथंच गफलत होते." ते मान डोलवायचे. म्हणायचे, "तुमचा अभ्यास आहे हो." आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायचे. त्यांचं वय झालं, जुनी सवय सुटत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ऑफिसात चहाच्या वेळी मी हा किस्सा रंगवून सांगायचो. "फुकटचं दिसलं की पुणेकर सोडत नाही, मग भले हत्ती जाओ," असं म्हणून टाळ्या घ्यायचो. आठवडाभर मला कुणी काही विचारायचं नाही. या एका गोष्टीला मात्र माणसं हसायची. रविवारची मी वाट बघायला लागलो होतो.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो एका उन्हाळ्यात. सासरे सकाळी त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये गेले होते आणि चष्मा घरीच राहिला होता. सासूबाई म्हणाल्या, "जरा देऊन येता का हो?" मी गेलो. हॉलमध्ये पंख्याखाली कॅरम चालला होता, आणि कोपऱ्यात सासरे माझ्याकडे पाठ करून बुद्धिबळाला बसले होते. समोर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ. पटावर बघितलं तर सासऱ्यांकडे पांढरी मोहरी, आणि त्यांचं वजिरासमोरचं प्यादं पुढे, उंटासमोरचंही पुढे. समोरच्या गृहस्थांनी ते घेतलेलं होतं. मला बरं वाटलं. शिकले म्हणायचे माझ्याकडून.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी प्यादं वाचवायला शेजारचं प्यादं पुढे केलं. सासऱ्यांनी चष्मा नसतानाही क्षणभराचा वेळ न लावता त्यावर हल्ला चढवला आणि म्हणाले, "अहो, हे प्यादं धरून बसायचं नसतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तुम्ही पेन्शनर ना? का तेही खोटंच सांगितलंत संघाला?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मी चष्म्याची डबी हातात धरून उभा होतो. कान तापले. दोन रविवारांपूर्वी हीच चूक त्यांनी माझ्यासमोर केली होती, कपाळाला हात लावून. त्याच्या आधीही. मी मागे फिरून हॉलच्या दारापर्यंत गेलो, तिथून मोठ्यानं "बाबा" अशी हाक मारली आणि आत्ताच आल्यासारखा आत आलो. सासरे लगबगीनं उठले. "अहो, तुम्ही कशाला आलात उन्हात? फोन केला असता तर मीच आलो असतो!"

त्या दिवशी दुपारी त्यांनी पट मांडला. मी प्यादी टाकली, त्यांनी "फुकट आहे वाटतं" म्हटलं, आणि सगळं रीतसर पार पडलं. मी हत्ती घेतला. ते "अरेच्चा" म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

परत येताना स्कूटरवर मी बायकोला विचारलं, "तुझे बाबा मुद्दाम हरतात का गं?"

"मग?" ती मागून म्हणाली. "जावयाला घरी बोलावून हरवायचं का?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या जावयाशी ते पत्त्यातसुद्धा हरतात. त्याला तर पत्ते पिसताही येत नाहीत."

म्हणजे मी एकटा नव्हतोच. हरण्याचीही एक रीत होती, ताटाभोवती रांगोळी काढतात तशी, आणि मी ती आपली विद्वत्ता समजून बसलो होतो. मला काय काय आठवायला लागलं. मी त्यांना लावलेली शिकवणी. "तुमचा अभ्यास आहे हो." जेवताना सासूबाईंचं विचारणं, "आजही तुम्हीच का?" आणि त्यांचं ते कौतुक. ऑफिसातला माझा तो पुणेकरांचा विनोद तर आठवला की स्कूटर कुठेतरी घालावीशी वाटायची.

इथवर थांबलो असतो तर निभावलं असतं. माणसानं मान राखला, आपण तो घ्यावा, विषय संपला. पण मला वाटलं, मी आता घरचा झालो; मला पाहुण्यासारखं का वागवतात? चार लोकांसमोर त्या पेन्शनर गृहस्थांना बोलले तसं मला बोलावं, खरं खेळावं. हरलो तर हरलो. असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, आणि नंतर सासऱ्यांनाही.

"बाबा, पुढच्या वेळी खरं खेळा."

"खरंच खेळतो की."

"नाही. मी त्या दिवशी हॉलमध्ये बघितलं."

त्यांनी पटावरची मोहरी एकेक करून डब्यात भरली. मग म्हणाले, "तुमची इच्छा असेल तर, बरं." तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते मला दिसलं होतं. पण मी स्वतःच्या मोठेपणावर इतका खूश होतो की त्याचा अर्थ लावत बसलो नाही.

पुढची वेळ आली ती अधिक महिन्यात. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, वाण, औक्षण. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या पहाटेपासून उभ्या होत्या. घरभर वेलदोड्याचा वास होता. स्वयंपाकाला अजून थोडा अवकाश आहे म्हटल्यावर मीच पट काढला. "आज खरं हं, बाबा," मी म्हणालो.

"आज?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "आज राहू दे. पुढच्या रविवारी बघू."

"नाही, आजच."

मी वजिरासमोरचं प्यादं टाकलं. मग उंटासमोरचं. त्यांनी ते घेतलं नाही. उलट आपलंच राजासमोरचं प्यादं पुढे करून ते माझ्यासमोर आणून ठेवलं. फुकट! मी लगेच घेतलं. त्यांनी वजिरासमोरचं प्यादं आणखी एक घर आत घुसवलं. मी सवयीनं माझी नेहमीची खेळी केली, राजासमोरचं प्यादं एक घर पुढे. त्यांनी उंटानं शह दिला. मी माझा उंट मधे घातला. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही, त्यांच्या त्या प्याद्यानं माझं प्यादं खाल्लं. त्यांचा उंट आता माझ्या उंटाच्या तावडीत होता. तोही फुकट! मी तोही घेतला. त्यांचं प्यादं आणखी एक प्यादं खाऊन माझ्या राजाला शह देत उभं राहिलं, माझा राजा एक घर बाहेर आला, आणि ते प्यादं माझ्या घोड्याला मारून शेवटच्या रांगेत जाऊन बसलं. मी म्हणालो, "घ्या, वजीर घ्या." कारण शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा सगळे वजीरच करतात.

"घोडा," सासरे म्हणाले. "आमच्या लहानपणी घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडाच व्हायचं. आणि वजीर केला तर शह बसत नाही. घोड्यानं बसतो."

खरंच शह बसला होता. मी हत्तीनं तो घोडा मारला. त्यांनी दुसऱ्या उंटानं शह दिला, आणि त्या तिरक्या रेषेत राजाच्या मागे माझा वजीर उभा होता. राजा हलला की वजीर जाणार. माझ्यासमोर ठेवलेला चहा अजून गरम होता.

"झालं," ते अगदी हळू म्हणाले.

मला वाटलं होतं, हरलो तरी तासभर झुंज देईन. शेवटी ते म्हणतील, बरे खेळता हो तुम्ही. मी हसून हात पुढे करीन. हे सगळं मी मनात ठरवून आलो होतो. प्रत्यक्षात मी किती पाण्यात आहे ते मला चहा निवायच्या आत कळलं. संतापानं माझे डोळे भरून आले. कुणाचा राग आला ते सांगता येणार नाही, बहुतेक त्यांचाच. मागायची वेळ आली तेव्हा मोठ्या तोऱ्यात मागितलं मी, आणि त्यांनी दिलं तर मला वाटलं, एवढं खरं कशाला खेळायचं? थोडं कमी खेळता आलं असतं.

सासूबाईंनी पाट मांडला, औक्षण केलं. मी एक धोंडा खाल्ला आणि ताट पुढे सारलं. "पोट जरा बरं नाही," म्हणालो. त्यांना ते खरंच वाटलं. "ओव्याचं पाणी देऊ का?" म्हणून त्या उठायला लागल्या. मी नको म्हटलं, तेही तुटकपणे. सासरे खाली मान घालून वरणभात कालवत राहिले. हात धुवायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाईंचा दबका आवाज ऐकू आला, "आजचा दिवस तरी सोडायचात." ऑफिसचं काम आहे असं सांगून मी दुपारचा चहाही न घेता निघालो. वाणातले अनारसे डब्यात भरून बायकोच्या हातात होते.

"तुलाच खरं हवं होतं ना?" ती स्कूटरवर म्हणाली.

दोन दिवसांनी संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. केलाच तर बायकोच्या फोनवर, आणि तोही कामापुरता. सोसायटीच्या चेअरमनपासून गॅसवाल्यापर्यंत कुणालाही न सोडणारा हा माणूस, समोरचा चुकला की त्याला बोलणारा आणि स्वतः चुकला तर विषय बदलणारा. ते म्हणाले, "जावईबापू, परवा जरा चुकलंच माझं. सणासुदीचा दिवस होता. मनावर घेऊ नका."

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं की बाबा, तुम्ही कसली माफी मागता, मी मागायला हवी. आईंच्या हातचं अन्न टाकून आलो मी. हे सगळं मला सुचलं होतं, अगदी त्या क्षणी सुचलं होतं. आणि मी म्हणालो, "असू द्या हो."

असू द्या! एका बुद्धिबळाच्या डावात जिंकल्याबद्दल सत्तरी ओलांडलेल्या माणसानं माझी माफी मागितली आणि मी ती पदरात पाडून घेतली. फोन ठेवल्यावर आतून हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची इतकी शरम वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन उगीचच तोंड धुतलं. बायकोनं विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणालो, "ऑफिस."

त्या रविवारी गेलो तेव्हा पट आधीच मांडून ठेवलेला होता, पांढरी मोहरी माझ्या बाजूला. मी निघताना ठरवलं होतं की आज दुसरंच काही खेळायचं. राजासमोरचं प्यादं टाकायचं, उघड्यावर हरायचं आणि हसायचं. पण पटासमोर बसल्यावर माझा हात वजिरासमोरच्या प्याद्याकडेच गेला. मग उंटासमोरच्या. सासऱ्यांनी चष्मा वर केला. "फुकट आहे वाटतं," म्हणाले, आणि घेतलं.

मग एकेक प्यादं पुढे सरकत गेलं. ते किती छान नाटक करत होते हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मधेच थांबायचे, एका मोहऱ्याला हात लावून परत घ्यायचे, जिभेनं च्यक करायचे. मी वजीर तिरका काढला. त्यांनी विचार केला आणि पटाच्या दुसऱ्याच टोकाचा घोडा हलवला. कोपऱ्यातला हत्ती उघडा पडला होता.

मी तो हत्ती बघत बसलो. घेतला नाही तर त्यांनी फोनवर गिळलेला अपमान मी परत त्यांच्या अंगावर टाकल्यासारखं होईल, असा एक विचार आला. घेणं हाच त्यांचा मान ठेवणं आहे, असंही मी स्वतःला समजावलं. विचार चांगले होते, खोटेही नव्हते. फक्त ते येण्याआधीच माझी बोटं वजिरावर होती.

मी हत्ती घेतला.

"अरेच्चा!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "गेला की हो!" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी पटकन, जमलं का हे बघायला. माझ्या तोंडावर हसू होतं. ते मी आणलेलं नव्हतं, आपसूक आलेलं होतं. ते बघून त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की मला वर बघवेना.

बायको स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती. ती केव्हापासून तिथं होती कोण जाणे. "झालं समाधान?" एवढंच म्हणून ती आत गेली.

झालं होतं.